खेळण्यांचे युद्ध आणि खेळणारे मूल

गेल्या आगमनकाळातील एका रविवारी आम्ही प्रवचनात व्हिडिओ गेमवर काहीसे कठोर बोललो होतो. नाताळच्या भेटीसाठी मुले आईवडिलांकडे हट्ट धरतात, आईवडील ऐपतीबाहेर जाऊन महागडे यंत्र घरी आणतात, आणि सणाच्या दिवशी घरात चार पाहुणे असताना मूल मात्र पडद्याला खिळून बसते. हा सारा मुलांच्या हव्यासाचा आणि पालकांच्या दुबळेपणाचा प्रकार आहे, असा आमच्या बोलण्याचा रोख होता. मिस्सा संपल्यावर एक तरुण चर्चच्या अंगणात आम्हांला भेटला. त्याने वाद घातला नाही. "फादर, ही यंत्रे कशी विकली जातात ते एकदा वाचा, आणि मग मुलांना बोला," एवढेच तो म्हणाला. आणि पुढच्या रविवारी त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आमच्या हाती ठेवले. ब्लेक जे. हॅरिस या अमेरिकन लेखकाचे 'कन्सोल वॉर्स' हे ते पुस्तक. २०१४ साली ते प्रसिद्ध झाले आणि २०२० मध्ये त्याच नावाचा माहितीपटही निघाला. पुस्तक वाचून संपले तेव्हा आमच्या प्रवचनाचा रोख निम्मा चुकला होता, हे आम्हांला स्वतःशी कबूल करावे लागले. तो कोठे चुकला, आणि हे पुस्तकही कोठे चुकते, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विषयाची थोडी ओळख. 'कन्सोल' म्हणजे घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र. त्याच्या व्यापाराची एक खुबी ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काहीच नीट उलगडत नाही. यंत्र विकून कंपनीला बहुधा थोडाच नफा होतो. कित्येकदा तर ते तोटा सोसून विकले जाते. खरी कमाई त्या यंत्रावर चालणाऱ्या खेळांची असते. कंपनी स्वतःचे खेळ विकते, आणि इतरांनी तिच्या यंत्रासाठी तयार केलेल्या प्रत्येक खेळामागेही आपला वाटा घेते. एका यंत्रासाठी घेतलेला खेळ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नाही. म्हणून एकदा एखादे यंत्र घरात शिरले की त्या घराची पुढची काही वर्षे त्या कंपनीच्या खात्यावर जमा होतात. सारी चढाओढ असते ती या उंबरठ्यासाठी. सणाच्या दिवसांत यंत्राची किंमत उतरते तेव्हा ती कोणाच्या दयाबुद्धीने उतरत नाही, एवढे पालकांनी समजून असावे.

हॅरिस यांची कथा १९९० च्या सुमारास रंगात येते. त्या वेळी अमेरिकेतील या बाजाराचा सुमारे ९० टक्के भाग निंटेंडो या एकाच जपानी कंपनीच्या हाती होता. क्योटो शहरात १८८९ साली खेळायचे पत्ते तयार करण्यापासून या कंपनीचा आरंभ झाला. तिला हे साम्राज्य मिळाले ते दुसऱ्याच्या पडझडीतून. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कोणीही उठावे आणि कसलाही खेळ दुकानात आणून ठेवावा, अशी बजबजपुरी माजली होती. ग्राहकांचा विश्वास उडाला होता. अटारी या त्या काळच्या अग्रगण्य कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरून टाकला. २०१४ साली तेथे खोदकाम करून त्यातील काही भाग वर काढण्यात आला.

या पडझडीतून निंटेंडोने धडा घेतला. तिने आपल्या यंत्रात कुलपासारखे काम करणारी एक चिप बसवली. कंपनीची मान्यता असलेली कार्ट्रिज, जिला आपल्याकडची मुले 'कॅसेट' म्हणत, तेवढीच त्या यंत्रात चाले. बाहेरच्या निर्मात्याला वर्षाला पाचच खेळ काढण्याची मुभा होती. ते खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रासाठी देता येत नसत. आणि कार्ट्रिज निंटेंडोकडूनच बनवून घ्यावी लागे. हे धोरण शहाणपणाचे होते आणि जाचकही होते. खोक्यावरचा दर्जाचा शिक्का पाहून पालक निर्धास्तपणे खेळ विकत घेऊ लागले, हा त्याचा चांगला भाग. पण निर्माते आणि दुकानदार या कंपनीच्या धाकात राहू लागले. यंत्राची किंमत खाली येऊ नये म्हणून दुकानदारांवर दबाव आणल्याचा ठपका अमेरिकेतील शासकीय यंत्रणांनी तिच्यावर ठेवला आणि १९९१ साली ते प्रकरण तडजोडीने मिटले. कंपनीने दोष मान्य केला नाही. ग्राहकांना पाच-पाच डॉलरची कूपने देण्याचे कबूल केले. गंमत अशी की ती कूपने वापरायची होती निंटेंडोचेच खेळ विकत घेण्यासाठी!

अशा या बलाढ्य कंपनीशी झुंज घ्यायला उभी राहिली ती सेगा ही दुसरी जपानी कंपनी. आणि तिच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की हे हॅरिस यांच्या कथेचे नायक होत. कॅलिन्स्की पूर्वी मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीत होते. बार्बी बाहुलीच्या व्यापाराला त्यांनी नवे बळ दिले होते. ते कुटुंबासह हवाई बेटांवर सुटीत असताना सेगाचे अध्यक्ष हायाओ नाकायामा त्यांना समुद्रकिनाऱ्यावर गाठतात, हा प्रसंग पुस्तकात मोठ्या झोकात रंगवला आहे. १९९० साली कॅलिन्स्की सेगात आले आणि त्यांनी आपली योजना टोकियोच्या संचालकांपुढे मांडली. जेनेसिस या यंत्राची किंमत १८९ डॉलरवरून १४९ वर आणावी; त्याच्याबरोबर 'सोनिक' हा कंपनीचा सर्वोत्तम नवा खेळ फुकट द्यावा; अमेरिकन मुलांच्या आवडीचे खेळ अमेरिकेतच तयार करावेत; आणि जाहिरातीत निंटेंडोचे नाव घेऊन तिची खिल्ली उडवावी. संचालकांना यातले काहीच पटले नाही. नाकायामांनी मात्र, आपण यांना निर्णय घेण्यासाठीच नेमले आहे, असे म्हणून योजनेला संमती दिली.

निंटेंडोचे नवे यंत्र १९९१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आले ते १९९ डॉलरला. सेगाचे यंत्र पन्नास डॉलरनी स्वस्त होते आणि सोनिक हा काटेरी अंगाचा निळा प्राणी तोवर मुलांच्या मनात धावू लागला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत सेगाने निंटेंडोची मक्तेदारी मोडून काढली. या भागातील एक प्रसंग वाचनीय आहे. वॉलमार्ट ही दुकानांची प्रचंड साखळी सेगाचा माल ठेवायला तयार नव्हती. तेव्हा सेगाने वॉलमार्टच्या मुख्य कार्यालयाजवळ जागा भाड्याने घेऊन लोकांना यंत्र फुकट खेळायला दिले आणि परिसरात जागोजागी फलक लावले. अखेर वॉलमार्टने हात टेकले. लहानाने मोठ्याला युक्तीने नमवण्याच्या कथा आपल्याला बालपणापासून आवडत आल्या आहेत. दावीदाची गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगताना मुलांचे डोळे कसे चमकतात ते आम्ही पाहिले आहे. हॅरिस यांना ही नाडी चांगली सापडली आहे.

परंतु येथेच समीक्षकाने सावध व्हावयास हवे. आपल्या मराठीत बखर वाङ्मयाची मोठी परंपरा आहे. पानिपतच्या संग्रामावरील 'भाऊसाहेबांची बखर' वाचताना पात्रे डोळ्यांपुढे उभी राहतात, त्यांचे संवाद कानी पडतात. आणि तरीही इतिहासाचा अभ्यासक ते संवाद जसेच्या तसे पुरावा म्हणून स्वीकारत नाही. बखर कोणत्या बाजूने लिहिली आहे हे तो आधी पाहतो. हॅरिस यांचे पुस्तक ही इंग्रजीतील एक अस्सल बखर आहे. दोनशेहून अधिक मुलाखतींच्या आधारे आपण लिहिले आहे आणि संवादांची पुनर्रचना केली आहे, हे लेखकाने आरंभीच प्रांजळपणे सांगितले आहे. तरीही शेकडो पाने त्याच फर्ड्या, चित्रपटी संवादांची झाल्यावर वाचकाला तो इशारा आठवत नाही. शिवाय कथेचा सारा ओलावा सेगाच्या अमेरिकन कार्यालयाच्या वाट्याला आला आहे. टोकियोचे अधिकारी कथेत येतात ते बहुधा हट्टी, गूढ आणि कुरकुरणारे म्हणून. त्यांच्याही काही अडचणी असतील, त्यांच्या हिशेबालाही काही आधार असेल, याचा शोध लेखक पुरेसा घेत नाही. एकाच दरबाराची साक्ष काढून दोन दरबारांचा इतिहास लिहिता येत नाही.

याहून मोठा आक्षेप पुस्तकाच्या नावापासूनच सुरू होतो. लेखकाने या व्यापाराला युद्ध म्हटले आणि मग युद्धाच्या रूपकाने त्याच्या हातून लेखणीच काढून घेतली. युद्धात शत्रूचे नुकसान हाच आपला लाभ ठरतो. एकदा हे गृहीत धरले की कोणता बाण सोडला हा प्रश्न उरत नाही. तो लागला की नाही एवढेच पाहिले जाते. सेगाच्या जाहिरातींचा बाण नेमका कोणाला लागला, हे पुस्तक विचारीत नाही. त्या जाहिरातींचा आशय असा होता की निंटेंडो हे लहान मुलांचे खेळणे, आणि सेगा हे मोठ्या, बिनधास्त पोरांचे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला कालपर्यंत प्रिय असलेल्या खेळण्याची लाज वाटावी, धाकट्या भावाबरोबर बसून खेळणे त्याला कमीपणाचे वाटावे, यासाठी कुशल माणसे पगार घेऊन राबत होती. व्यापारनीती म्हणून हा डाव बिनतोड होता. निंटेंडोचे वर्चस्व ज्या वयाच्या मुलांवर होते त्यांना तिच्यापासून तोडायचे, तर ते त्या वयाच्याच अहंकाराला हात घालून तोडता येणार होते. आम्ही आगमनकाळात ज्या हट्टाला मुलाचा हव्यास म्हणालो, त्यात हव्यासाइतकीच ही लाज असते, हे आम्हांला या पुस्तकाने शिकवले. मात्र ते पुस्तकाला स्वतःला उमगले आहे असे वाटत नाही.

या चढाओढीचे नैतिक मर्म १९९३ सालच्या एका प्रकरणात उघडे पडते, आणि आमच्या मते तेच या पुस्तकाचे हृदय असायला हवे होते. 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा खेळ तेव्हा सार्वजनिक खेळगृहांत अफाट गाजला होता. त्यात रक्ताच्या चिळकांड्या उडत आणि हरलेल्याला अत्यंत क्रूरपणे ठार मारता येई. त्या वर्षीच्या १३ सप्टेंबरला तो घरच्या यंत्रांसाठी विक्रीला आला. निंटेंडोने आपल्या यंत्रावरील आवृत्तीत रक्ताच्या जागी करडा घाम दाखवायला लावला आणि शेवटचे क्रूर प्रकार सौम्य केले. सेगाच्या यंत्रावर मात्र काही बटणे ठराविक क्रमाने दाबली की रक्त दिसू लागे. ती गुपिते शाळाशाळांतून पसरली. सेगाची आवृत्ती निंटेंडोच्या आवृत्तीपेक्षा कितीतरी अधिक खपली.

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल या सदस्यांच्या पुढाकाराने या विषयावर सुनावणी झाली. निंटेंडोच्या वतीने होवर्ड लिंकन आणि सेगाच्या वतीने बिल व्हाइट समोरासमोर आले. व्हाइट हे पूर्वी निंटेंडोतच नोकरीला होते! लिंकन यांनी सेगाच्या हिंसक खेळांवर बोट ठेवले. व्हाइट यांनी बंदुकीच्या आकाराचे निंटेंडोचे एक उपकरण उचलून दाखवले. मुलांच्या हितासाठी भरलेल्या त्या सभेतही दोघांच्या नजरा एकमेकांवरच होत्या. खरे सांगायचे तर दोघांच्याही बाजूला थोडे सत्य होते. निंटेंडोने खेळ सौम्य केला, पण वयानुसार वर्गवारी करण्याची पद्धत तिच्याकडे नव्हती; सेगाने रक्त ठेवले, पण खोक्यावर वयाची सूचना छापण्याची स्वतःची पद्धत त्याच वर्षी सुरू केली होती. या सुनावणीचे एक चांगले फळ म्हणजे १९९४ साली साऱ्या उद्योगासाठी स्थापन झालेले ईएसआरबी हे वर्गवारी मंडळ. आजही खोक्याच्या कोपऱ्यात जे अक्षर दिसते ते या भांडणातून आले आहे, आणि पालकांनी ते जरूर पाहावे.

पण त्याच १९९४ साली या खेळाचा दुसरा भाग आला तेव्हा निंटेंडोनेही रक्त जसेच्या तसे ठेवले. आदल्या वर्षीचा विवेक तिला महाग पडला होता. पुस्तकात हे सारे एका डावाच्या हारजितीसारखे येते. आम्ही मात्र तेथे बराच वेळ थांबलो. एका कंपनीने, कोणत्याही हेतूने का होईना, संयम पाळला. बाजाराने तिला शिक्षा केली. आणि वर्षभरात तो संयम संपला. कोणी दुष्ट माणूस कटकारस्थान करीत बसला होता असे नव्हे. प्रत्येक जण आपापल्या कंपनीशी इमानाने वागत होता. स्पर्धा हाच एकमेव नियम झाला की सज्जनांच्या हातूनही काय घडते, याचा इतका स्वच्छ दाखला आम्हांला अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचित आढळला आहे.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या विश्वपत्रात मुक्त स्पर्धा ही मर्यादेत न्याय्य आणि उपयुक्त आहे असे मान्य केले. मात्र ती आर्थिक जीवनाची नियंता होऊ शकत नाही, तिला न्यायाचा व प्रीतीचा लगाम हवा, असे बजावले. पोप दुसरे जॉन पॉल यांचे 'सेंतेसिमुस आन्नुस' हे विश्वपत्र १९९१ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात सोनिक अमेरिकेच्या दुकानांत अवतरला. त्या विश्वपत्रात बाजारपेठेच्या कार्यक्षमतेची कदर आहे. आणि जे बाजारात विकता किंवा विकत घेता येत नाही अशा मानवी गरजांची जाणीवही आहे. ग्राहकाला निवडीचे शिक्षण मिळायला हवे आणि उत्पादकाला जबाबदारीचे भान हवे, हे दोन्ही तेथे एका दमात सांगितले आहे. आमच्या प्रवचनात पहिले अर्धे होते, दुसरे अर्धे गळले होते.

तरीही स्पर्धेने केवळ वाईटच केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निंटेंडोची मक्तेदारी मोडली म्हणून किमती उतरल्या, निर्मात्यांवरचे जाचक नियम सैल झाले, आणि खेळांत वैविध्य आले. पुढच्या काळातही असे घडले. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्स यंत्राची घोषणा केली तेव्हा विकत घेतलेला खेळ मित्राला देण्यावर व जुना खेळ विकण्यावर निर्बंध होते, आणि यंत्राला रोज एकदा इंटरनेटवरून हजेरी लावावी लागणार होती. सोनीने आपल्या प्लेस्टेशनवर असे काही नसेल असे जाहीर केले आणि किंमतही शंभर डॉलरने कमी ठेवली. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला ते निर्बंध मागे घ्यावे लागले. मुलाने आपला खेळ शेजारच्या मुलाला खेळायला द्यावा, हा साधा शेजारधर्म तेथे स्पर्धेमुळेच वाचला.

हॅरिस यांची कथा १९९६ साली कॅलिन्स्की सेगा सोडतात तेथे संपते. पण त्या युद्धाचा खरा निकाल लागला तो तिसऱ्याच्या बाजूने. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. निंटेंडोच्या यंत्राला सीडीची जोड देण्यासाठी सोनी तिच्याबरोबर काम करीत होती. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ही घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निंटेंडोने आपण फिलिप्स कंपनीबरोबर जात असल्याचे जाहीर केले. या भर चौकातील अपमानातून सोनीचे अभियंते केन कुतारागी यांचे प्लेस्टेशन जन्माला आले. इकडे सेगाच्या टोकियो आणि अमेरिका येथील कार्यालयांत बेबनाव वाढला होता. १९९४ च्या अखेरीस जुन्या यंत्राला जोडायचे एक महागडे उपकरण अमेरिकेत विकायला काढले गेले, आणि काही महिन्यांतच सॅटर्न हे नवेच यंत्र आले. आधीचे विकत घेणाऱ्या घरांची फसगत झाली. १९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने सॅटर्न त्याच दिवसापासून मोजक्या दुकानांत ३९९ डॉलरला मिळेल असे जाहीर करून सर्वांना चकित केले. वगळलेले दुकानदार संतापले. त्याच प्रदर्शनात सोनीचा एक अधिकारी व्यासपीठावर आला, 'दोनशे नव्याण्णव' एवढी किंमत उच्चारली आणि जागेवर जाऊन बसला. शत्रूच्या आधी पोहोचण्याच्या घाईत सेगा आपल्याच माणसांना तुडवून पुढे गेली होती. २००१ साली तिने यंत्रे बनवणे थांबवले.

यानंतरच्या इतिहासातही तोच सूर वेगवेगळ्या पट्टीत ऐकू येतो. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ वर डीव्हीडी चित्रपटही पाहता येत. १६ कोटींवर यंत्रे खपली. २००५ मध्ये सोनीच्या आधी बाजार गाठण्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० आणले. ते इतक्या घरांत बंद पडू लागले की २००७ साली कंपनीला हमीची मुदत वाढवून त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. २००६ मध्ये सोनीने महागड्या तंत्राने भरलेले यंत्र पाचशे-सहाशे डॉलरना विकायला काढले. निंटेंडोने मात्र त्याच वर्षी ही शर्यतच सोडली. तिचे वी हे यंत्र ताकदीने कमी आणि किमतीने २५० डॉलर होते. हातातील काठीसारखे उपकरण हलवून आजी-आजोबाही त्यावर चेंडू टाकू शकत. ते १० कोटींहून अधिक खपले. पण हिचे रूपांतर नीतिकथेत करू नये. २०१२ साली आलेले त्याच कंपनीचे पुढचे यंत्र जेमतेम दीड कोटीही खपले नाही. एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे. २०११ मध्ये एका यंत्राची किंमत अचानक उतरवावी लागली तेव्हा निंटेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी आपला पगार निम्म्यावर आणला. सेनापतीने पराभवाची किंमत आधी स्वतः मोजावी, हे या युद्धकथेत फारसे घडत नाही.

एरवी ती किंमत मोजतात ती लहान माणसे. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने सुमारे ६,९०० कोटी डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही खेळनिर्मिती कंपनी विकत घेतली, आणि २०२४ च्या जानेवारीत आपल्या खेळविभागातील १,९०० माणसांना कामावरून कमी केले. पुढच्याच महिन्यात सोनीने आपल्या प्लेस्टेशन विभागातील ९०० माणसे कमी केली. २०२५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी अमेरिकेत आपल्या यंत्रांच्या किमती वाढवल्या. पूर्वी यंत्र जुने झाले की स्वस्त होई. ज्यांनी खेळ रचले त्या हातांचा उल्लेख हॅरिस यांच्या बखरीतही पुसटच आहे. विक्रेते, जाहिरातदार आणि वकील यांच्या नावांनी पाने भरली आहेत. मुलांची गाठ पडते ती टक्केवारीत, किंवा मत अजमावण्यासाठी खोलीत बसवलेल्या गटांत. खेळाच्या इतिहासात खेळणारा नसावा, ही या पुस्तकाची सर्वांत मोठी उणीव आहे.

सेमिनरीत शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा'त खेळावर एक प्रश्न आहे हे पाहून आम्हांला नवल वाटले होते. तेथे ते शुभवर्तमानकार संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. शिष्यांबरोबर खेळताना पाहून कोणी नाक मुरडले, तेव्हा योहानाने धनुर्धाऱ्याला बाणामागून बाण सोडायला सांगितले. सतत ताणलेले धनुष्य मोडेल, तसेच मनाचे होईल, हे त्यातून दाखवले. खेळ हा मनाचा विसावा आहे आणि त्यात योग्य प्रमाण राखणे हा सद्गुण आहे, असा थॉमस यांचा निष्कर्ष. खेळयंत्रांच्या युद्धाने नेमका हा विसावाच ताणलेल्या धनुष्यासारखा केला. आम्ही नवदीक्षित असताना, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, आपल्याकडे जत्रेत आणि बाजारात निंटेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकला मिळत. मान्यता नाही, शिक्का नाही. पण गल्लीतील दहा मुले एका टीव्हीपुढे पाळी लावून बसत आणि हरलेला उठून दुसऱ्याला जागा देई. नकलेचे समर्थन आम्ही करीत नाही. त्या मुलांना आपल्या यंत्राची लाज मात्र वाटत नव्हती, एवढे आम्हांला आठवते.

तेव्हा हे पुस्तक वाचावे का? इंग्रजी वाचू शकणाऱ्या पालकांनी आणि मोठ्या मुलांनी ते बरोबरीने वाचावे, असे आम्ही म्हणू. बखर म्हणून वाचावे, आणि दर प्रकरणाअखेर 'या डावात मुलाचे काय झाले?' असे एकमेकांस विचारावे. हट्टाला नकार देण्याचा पालकांचा अधिकार आम्ही अजूनही मानतो. पण नकार देताना मुलाला हव्यासी म्हणण्याआधी त्याच्या मनात कोणी कोणती लाज पेरली आहे, हे जवळ बसवून विचारावे. येत्या आगमनकाळात आम्ही प्रवचनात तेवढी दुरुस्ती करणार आहोत.

पुस्तक परत द्यायला आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. सेगाने यंत्रे सोडल्यावर तिचा सोनिक निंटेंडोच्या यंत्रांवरही धावू लागला आणि २००७ साली तर मारिओ व सोनिक एकाच खेळात, ऑलिंपिकच्या मैदानावर, एकत्र आले. ज्यांच्या नावाने मुले शाळेच्या आवारात भांडली, त्यांचा समेट व्यापाराने मुकाट्याने करून टाकला. हे त्यानेच हसत हसत सांगितले. मग त्याने १९९२ सालचा सोनिकचा दुसरा भाग लावला आणि यंत्र आमच्या हाती दिले. त्या खेळात दोन शेपट्यांचा एक कोल्हा सोनिकच्या मागे धावत असतो आणि दुसऱ्या खेळाडूला तो चालवता येतो. त्याची सात वर्षांची भाची आमच्या शेजारी येऊन बसली आणि कोल्हा तिने घेतला. आम्ही पुन्हा पुन्हा काट्यांवर पडत होतो. "फादर, थांबा, मी पुढे जाते, मग तुम्ही या," असे म्हणून ती आमच्यासाठी वाट मोकळी करीत राहिली.